एएम ट्रान्समीटरच्या मॉड्युलेटर व्हॉल्व्हना किती व्होल्ट द्यावेत

घरी बांधलेल्या एएम (आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची बदलणाऱ्या) ट्रान्समीटरमध्ये मॉड्युलेटरचे, म्हणजे त्यासाठी ध्वनिशक्ती पुरवणाऱ्या भागाचे, व्होल्टेज पुष्कळदा हाताशी असलेल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरवरून ठरवले जाते. वास्तविक क्रम उलटा हवा: आधी फायनल (अँटेनाला शक्ती देणारा शेवटचा टप्पा), मग त्याला लागणारी ध्वनिशक्ती, आणि त्यानंतरच व्होल्टेज.

भारतातील जुन्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या परिचयाचा ८०७ हा एक व्हॉल्व्ह फायनलला घेऊ. प्लेट मॉड्युलेशनमध्ये, म्हणजे ध्वनीने प्लेटचे (व्हॉल्व्हच्या धन टोकाचे) व्होल्टेज कमीजास्त करताना, अधूनमधून चालणाऱ्या हौशी वापरासाठी, त्याला ६०० व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर देता येतात, म्हणजे इनपुट ६० वॅट होते. शंभर टक्के मॉड्युलेशनसाठी त्याच्या निम्मी, म्हणजे ३० वॅट ध्वनिशक्ती लागते. ट्रान्सफॉर्मरमधील घट लक्षात घेऊन ३५ वॅटची तजवीज करावी. मॉड्युलेटरसमोरचा भार ६०० भागिले ०.१, म्हणजे ६,००० ओहम येतो.

६एल६जीसी या व्हॉल्व्हची पुश-पुल (आळीपाळीने जोर देणारी) जोडी एबी१ वर्गात, म्हणजे ग्रिडमधून प्रवाह वाहू न देता, प्लेटला ४५० व्होल्ट, स्क्रीनला (प्लेटअलीकडच्या जाळीला) ४०० व्होल्ट, ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या जाळीला) उणे ३७ व्होल्ट आणि प्लेट-ते-प्लेट ५,६०० ओहम भार असताना ५५ वॅट देते. ५,६०० आणि ६,००० यांत इतके थोडे अंतर आहे की एकास एक वेढ्यांचा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर सहज चालतो.

मात्र हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. या स्थितीत सिग्नल नसताना जोडीतून ११६ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे प्रत्येक प्लेटवर सुमारे २६ वॅट उष्णता होते; पूर्ण सिग्नलला २१० मिलिअँपिअर वाहत असले तरी ५५ वॅट बाहेर जात असल्याने प्लेटवर प्रत्येकी सुमारे २० वॅटच उरतात. म्हणजे आपण गप्प असतो तेव्हाच व्हॉल्व्ह अधिक तापतो. प्लेटची मर्यादा ३० वॅट आणि ५०० व्होल्ट आहे. घरातील २३० व्होल्टचा पुरवठा दहा टक्के चढला, तर ४५० चे ४९५ होतात, आणि प्रवाह तेवढाच राहिला तरी उष्णता २८.७ वॅटवर जाते. आपल्याला ३५ वॅटच हवे असल्याने माझ्या मते प्लेट ४२० आणि स्क्रीन ३५० व्होल्टच्या आसपास ठेवून, सिग्नल नसताना प्रत्येक व्हॉल्व्हमधून ४५ ते ५० मिलिअँपिअर वाहतील असा बायस (ग्रिडचे उणे व्होल्टेज) मोजून लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

या जातीच्या व्हॉल्व्हमध्ये प्रवाह प्लेटपेक्षा स्क्रीनच्या व्होल्टेजवर कितीतरी अधिक अवलंबून असतो, म्हणून खरी काळजी तिथे घ्यावी. वरील मूळ स्थितीत जोडीचा स्क्रीन प्रवाह ५.६ वरून २२ मिलिअँपिअरपर्यंत चढतो. नुसता रेझिस्टर टाकून व्होल्टेज उतरवले, तर जोरात बोलण्याच्या क्षणीच ते कोसळते. झेनर डायोडच्या साखळीने किंवा रेग्युलेटरने ते स्थिर करावे. प्लेटचा पुरवठा नसताना स्क्रीनला कधीही व्होल्टेज देऊ नये.

ट्रान्सफॉर्मर कमी व्होल्टेजचा असेल, तर फायनल उतरवावा. प्लेटला ३६० आणि स्क्रीनला २७० व्होल्ट दिल्यास ६एल६ची जोडी एबी१ वर्गात २६.५ वॅट देते, आणि ४७५ व्होल्ट व ८३ मिलिअँपिअरवर चालणाऱ्या ८०७ ला सुमारे २० वॅटच लागतात. याउलट एकाच ६०० व्होल्टच्या पुरवठ्यावर सर्व चालवायचे असेल, तर मॉड्युलेटरलाही ८०७ची जोडी घ्यावी. एबी२ वर्गात, जिथे ग्रिडमधूनही प्रवाह वाहतो, तिला ग्रिडला शक्ती पुरवणारा ड्रायव्हर लागतो, एवढा खर्च वाढतो.

मॉड्युलेशनच्या शिखरावर फायनलच्या प्लेट पुरवठ्यावर ६०० नव्हे, तर १,२०० व्होल्ट असतात. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन आणि बायपास कपॅसिटर त्या हिशेबाने घ्यावेत. फिल्टर कपॅसिटर बंद केल्यावरही जीव घेऊ शकतात, म्हणून त्यांतील साठलेली वीज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर लावावाच आणि हात घालण्यापूर्वी मीटरने शून्य पाहावे. भाराविना मॉड्युलेटर चालल्यास ट्रान्सफॉर्मरवर अवाढव्य व्होल्टेज चढते, त्यामुळे फायनलचा प्लेट प्रवाह सुरू नसेल तेव्हा ध्वनिसिग्नल आपोआप तुटेल अशी रिलेची जोडणी करावी.