‘स्मूद’ वापरताना या चुका टाळा

पार्लरच्या पाट्यांवर ‘हेअर स्मूदनिंग’ वाचून आपण धरून चालतो, की ‘स्मूद’ म्हणजे गुळगुळीत आणि ‘स्मूदन’ म्हणजे गुळगुळीत करणं. ‘फ्लॅट’चं ‘फ्लॅटन’ होतं, तसंच हे. शब्दकोशात ‘स्मूदन’ सापडतोही, म्हणजे चूक म्हणता येत नाही. पण ‘स्मूद’ हे स्वतःच क्रियापद आहे, आणि चांगलं जुनं आहे. सुताराच्या शेवटच्या हाताच्या रंध्याला इंग्रजीत ‘स्मूदिंग प्लेन’ म्हणतात, इस्त्रीचं जुनं नाव ‘स्मूदिंग आयर्न’. १६११ च्या किंग जेम्स बायबलात हातोडीनं धातू घोटणारा कारागीर आहे, त्याच्यासाठीही हेच क्रियापद. तेव्हा लिहिताना ‘स्मूद’ पुरे. पार्लरमध्ये मात्र व्याकरण काढू नका. केस त्यांच्या हातात असतात.

स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ नको. ‘ब्रेथ’ला ‘ई’ लावला की ‘ब्रीद’ हे क्रियापद होतं, म्हणून हात इथंही ‘ई’कडे जातो. तो ‘ई’ लागतो ‘सूद’ला, म्हणजे शांतवणे, दुखणं हलकं करणे याला.

खरा घोळ पुढच्या शब्दानं होतो. एकदा मी परदेशातल्या ग्राहकाला कळवलं, ‘वुई हॅव स्मूद्ड ओव्हर द प्रॉब्लेम्स.’ मला म्हणायचं होतं, अडचणी सोडवल्या. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: मूळ अडचण अजून आहे का? ‘स्मूद ओव्हर’ म्हणजे आपली सारवासारव. भेग तशीच, वरून शेणाचा हात फिरवलेला. मला हवं होतं ‘स्मूद आउट’: सुरकुती काढणं, अडथळा दूर करणं. भांडणावर तात्पुरता पडदा टाकला असेल, तर ‘ओव्हर’ चपखल बसतो. काम पूर्ण झाल्याचं कळवताना तो चुकूनही नको.

जुनं इंग्रजी वाचताना आणखी एक ठेच लागते. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड पहिल्या अंकात कुरकुरतो, की मला लोकांच्या तोंडावर हसून ‘स्मूद’ करता येत नाही, म्हणून मी वैरी ठरतो. इथं ‘गुळगुळीत करणे’ लिहिलंत तर वाक्य मेलं. त्या काळी या क्रियापदाचा एक अर्थ खुशामत करणे असा होता, आपलं लोणी लावणं. क्रियापदातून तो अर्थ आता गेला. गोडबोल्याला ‘स्मूद टॉकर’ म्हणतात, तेवढ्यात उरला. आणि गंमत म्हणजे, त्या अख्ख्या नाटकात रिचर्डइतकं सफाईनं लोणी दुसरं कुणीच लावत नाही.