छोट्या ग्रीक बेटावर समुद्रसुट्टी: कुफोनिसीला जाताना या चुका टाळा

सँटोरिनी आणि मिकोनोसची गर्दी नको असेल, तर नॅक्सोस आणि अमोर्गोस यांच्या मधली छोटी बेटं बघावीत: इराक्लिया, स्खिनूसा, कुफोनिसी, डोनूसा. त्यांतलं कुफोनिसी, म्हणजे वस्ती असलेलं आनो कुफोनिसी, जेमतेम पावणेसहा चौरस किलोमीटरचं. कायमची वस्ती चारशेच्या आसपास, गाव एकच, आणि गावातून चालत निघालं की एकामागून एक वाळूचे किनारे लागतात. इतक्या सोप्या जागी सुट्टी बिघडते, ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. आपण बेत कॅलेंडर बघून आखतो आणि बेट मात्र वाऱ्यावर चालतं. बोट सुटणार की नाही, पोहायला कुठे जायचं, परतीचं विमान मिळणार की नाही, हे सगळं तोच ठरवतो.

आभाळ निरभ्र म्हणजे समुद्र शांत, असं धरून चालणं

कोकणात समुद्र खवळतो तेव्हा आभाळही भरून आलेलं असतं. एजियन समुद्रात तसं नसतं. तिथला मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि तेव्हा आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो. बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, म्हणून हा वारा सुटतो. तुर्कस्तानावरचा तो कमी दाबाचा पट्टा म्हणजे आपल्या मान्सूनच्या कमी दाबाचंच पश्चिमेकडचं टोक. आपल्याकडे पाऊस लागतो त्याच महिन्यांत तिथे वारा लागतो, तो यामुळे.

म्हणून हवामानाच्या अ‍ॅपमधलं सूर्याचं चित्र बघून काहीच कळत नाही. वाऱ्याचा वेग आणि दिशा बघा. ग्रीसमध्ये वारा ब्यूफोर्टमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या आकड्यांत सांगतात. ४ पर्यंत सगळं मजेत चालतं. ६ म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. छोट्या बोटींच्या फेऱ्या रद्द व्हायला लागतात आणि वाळू पायांना टोचते. ८ म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर; मोठ्या फेरीबोटींनाही बहुधा बंदरातच थांबवतात. कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याच्या वेगवान बोटी, त्याच्या बऱ्याच आधी बंद होतात. मेल्टेमी एकदा लागला की सलग काही दिवस राहतो. दुपारी वाढतो आणि रात्री बराचसा उतरतो, त्यामुळे बोटीची सहल सकाळचीच धरा.

महिना निवडताना आपल्या शाळेच्या सुट्ट्यांचाही घोळ होतो. एप्रिलमध्ये तिथलं पाणी १६-१७ अंशांवर असतं. मुलं घोटाभर पाण्यात जाऊन परत येतात. मे अखेरीस जरा बरं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बऱ्याच खानावळी आणि खोल्या बंद झालेल्या असतात आणि बोटीही कमी होतात. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला: पाणी २४ अंशांच्या आसपास, गर्दी ओसरलेली, वारा उतरणीला लागलेला. १५ ऑगस्टच्या आगेमागे मात्र जाऊ नका. त्या दिवशी ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण असतो, निम्मं अथेन्स बेटांवर उतरतं आणि ऐनवेळी खोली मिळत नाही.

ज्या दिवशी अथेन्सला उतरणार त्याच दिवशी बेट गाठायचा हट्ट

कुफोनिसीला विमानतळ नाही. पिरेअस बंदरातून नॅक्सोसपर्यंत साध्या मोठ्या बोटीला साधारण सव्वापाच-साडेपाच तास लागतात, पुढे कुफोनिसीपर्यंत आणखी दोन-अडीच. पिरेअसहून थेट कुफोनिसीची बोट रोज असेलच असं नाही. आणि अथेन्सच्या विमानतळावरून पिरेअसला पोचायलाच मेट्रोने तास लागतो, एक्स-९६ बसने दीड तासही लागू शकतो. सकाळच्या बोटीसाठी आदल्या रात्री पिरेअसमध्येच मुक्काम केलेला बरा. दुसरा मार्ग अथेन्स ते नॅक्सोस छोट्या विमानाने, पाऊण तासाचा. नॅक्सोसची धावपट्टी फक्त ९०० मीटरची असल्याने तिथे छोटी पंख्यांची विमानंच उतरतात. तिकिटं लवकर संपतात.

नॅक्सोसहून पुढे ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ ही छोटी बोट या बेटांची खरी एसटी आहे. अमोर्गोसच्या काटापोलाहून सकाळी निघते, एकेक बेट करत नॅक्सोसला येते आणि दुपारी त्याच वाटेने परत फिरते. उन्हाळ्यातही बहुधा रविवारी नसते, त्यामुळे शनिवारी रात्री नॅक्सोसला पोचणारा बेत आखू नका. आकाराने छोटी असल्याने ती चांगलीच हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी अवोमिनसारखी गोळी निघण्याच्या निदान तासभर आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. बसायचं मागच्या बाजूला, बोटीच्या मध्यरेषेजवळ. नजर क्षितिजावर ठेवायची, मोबाइलवर नाही.

उतरताना आणखी एक चूक होते. छोट्या बंदरात बोट पाचेक मिनिटंच थांबते. मागचा लोखंडी दरवाजा खाली येतो, साखळ्या खडखडतात, खलाशी बेटाचं नाव ओरडतात आणि माणसं उतरतात न उतरतात तोच दरवाजा पुन्हा वर जायला लागतो. बॅगा बेटांच्या नावांच्या फळ्यांवर ठेवलेल्या असतात. चढताना आपल्या बेटाचीच फळी बघून बॅग ठेवा आणि बंदर दिसायला लागलं की खाली गॅरेजमध्ये जाऊन उभे राहा. स्खिनूसा आणि कुफोनिसी लागोपाठ येतात. घाईत चुकीच्या बेटावर उतरलात, तर पुढची बोट कदाचित दुसऱ्या दिवशीच असते.

किनाऱ्यालगत पाणी सपाट दिसलं की मुलांना फुगवलेल्या गादीवर सोडणं

या लेखातली सर्वांत गंभीर चूक हीच. कुफोनिसीचे लोकप्रिय किनारे दक्षिणेच्या बाजूला आहेत: गावालगतचा आमोस, मग फिनिकास, फानोस, इतालिदा. मेल्टेमी उत्तरेकडून येतो, म्हणजे इथे तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यापाशी त्याला लाटा उठवायला अंतरच मिळत नाही, त्यामुळे पाणी तलावासारखं दिसतं. पण पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या वस्तूला तोच वारा सतत खोल समुद्राकडे ढकलत असतो. फुगवलेली गादी, रबरी फ्लेमिंगो, उभं राहून वल्हवायची फळी, सगळं काही मिनिटांत इतकं लांब जातं की पोहत परत आणणं चांगल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. पुढे लाटाही वाढत जातात.

कोकणात आपली सवय भरती-ओहोटी बघण्याची. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. एजियनमध्ये भरती जवळपास जाणवतच नाही, म्हणून ती सवय इथे कामाची नाही. तिच्या जागी वाऱ्याची सवय लावा. किनाऱ्यावर पोचल्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा. वारा पाठीवर लागत असेल, तर हवेने फुगवलेली एकही वस्तू पाण्यात न्यायची नाही. मुलांना कमरेपाण्यातच ठेवा. फळी घ्यायचीच असेल, तर तिची दोरी घोट्याला बांधा आणि किनाऱ्याला समांतर चालवा. वारा तिरका असेल, तर जाताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतीला वारा मदत करतो.

कोणी वाहून जायला लागलंच तर त्याने फळी किंवा गादी सोडायची नाही. ती तरंगते आणि लांबून दिसते. पोटावर झोपून हातांनी वल्हवायचं. किनाऱ्यावरच्यांनी पाण्यात उडी न मारता ग्रीक तटरक्षकांना १०८ किंवा ११२ वर फोन लावायचा आणि नजर त्या माणसावरून हटवायची नाही. जीवरक्षक असेलच असं धरू नका.

वारा दक्षिणेकडून आला, जे वसंतात आणि शरदात होतं, तर गणित उलटं होतं. हेच किनारे लाटांनी भरतात. तेव्हा पोहण्याचा दिवस सोडून द्या आणि चाला.

सावली आणि पाणी गृहीत धरणं

गावापासून पोरीच्या किनाऱ्यापर्यंतची पायवाट तीन किलोमीटरहून थोडी जास्त, रमतगमत पाऊण ते एक तास. वाटेत सावली जवळजवळ नाही. वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही आणि संध्याकाळी खांदे भाजलेले असतात. माणशी दीड लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, आणि हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली टोपी. नुसती टोपी उडून जाते. छत्री नेणार असाल तर दांडा ४०-५० सेंटिमीटर वाळूत गेलाच पाहिजे आणि छत्रीचं डोकं वारा येतो त्या बाजूला कललेलं हवं. उलटं कलवलं की वारा आत शिरतो आणि छत्री शेजारच्याच्या अंगावर जाते. पोरीला जायला गावातून बोटही मिळते. परतीची शेवटची फेरी किती वाजता, ते चढतानाच विचारा.

पिसिना नावाचं खडकातलं नैसर्गिक कुंड याच वाटेवर आहे. लोक वरून उड्या मारतात म्हणून आपणही लगेच मारू नये. आधी पाण्यात उतरून तळ बघा. बाहेर लाटा असतील तर त्या आतपर्यंत येतात, तेव्हा उतरूच नका.

पायाखाली न बघणं

खडकाळ जागी काळे सागरी साळू असतात. रबरी तळाचे पाण्यातले बूट घातले की प्रश्न मिटतो. काटा घुसलाच तर पाय कोमट पाण्यात भिजवा, वर आलेले काटे चिमट्याने सरळ ओढा. खोल गेलेले कोरून काढू नका, ते आत तुटतात आणि पिकतात.

वाळूत पाय ठेवल्यावर अचानक जबर, वर चढत जाणारी कळ आली तर तो बहुधा वाळूत दडलेला ड्राकेना मासा. त्याचं विष उष्णतेने निकामी होतं. पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, निदान अर्धा तास बुडवून ठेवा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या माणसाने हाताने घ्यायचा, कारण दुखऱ्या पायाला भाजणं कळत नाही. बर्फ लावू नका. बेटावर छोटा सरकारी दवाखाना आहे, मोठ्या उपचारांना नॅक्सोस गाठावं लागतं. प्रवास विम्यात बोटीने किंवा हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरला आहे ना, ते घरूनच वाचून घ्या.

किनाऱ्यावर तपकिरी पातीचे ढीग दिसले तर तो कचरा नाही. ते पॉसिडोनियाचं सागरी गवत आहे आणि हिवाळ्यातल्या लाटांपासून तेच वाळू धरून ठेवतं.

जेवणाच्या टेबलावर

शाकाहाऱ्यांची इथे उपासमार होत नाही. पिवळ्या डाळीचा फावा, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गिगांतेस, पालकाची स्पानाकोपिता, भाज्यांचं ब्रियाम ही नावं लक्षात ठेवा. ‘इमे होर्तोफागोस’ म्हणजे मी शाकाहारी आहे. बाईनेही तेच म्हणायचं. फसगत होते ती ‘निस्तिसिमो’ या शब्दाने. हे उपासाचं जेवण, त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी, शिंपल्या आणि ऑक्टोपस चालतात. भरलेल्या टोमॅटोत खिमा असू शकतो, तेही विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी: ताज्या माशाचा भाव मेनूत किलोवर असतो. मासा निवडा, आपल्यासमोर वजन करायला सांगा, किंमत विचारा, मगच भाजायला द्या. यात कोणालाही राग येत नाही.

रोख पैसे नॅक्सोसलाच काढून घ्या. खोलीच्या भाड्याशिवाय एप्रिल ते ऑक्टोबर रात्रीमागे सरकारी हवामान शुल्क लागतं: २०२५ पासून हॉटेलच्या दर्जानुसार खोलीला २ ते १५ युरो, अल्पमुदतीच्या भाड्याच्या घराला ८ युरो. बुकिंगच्या रकमेत ते बहुधा नसतं.

समोरच्या केरोसवर उतरायचा प्रयत्न

दक्षिणेला दिसणारं ओसाड बेट म्हणजे केरोस. साडेचार हजार वर्षांपूर्वी वेगवेगळ्या बेटांवरून मुद्दाम फोडून आणलेल्या संगमरवरी मूर्तींचे तुकडे तिथे पुरले जात. तिथे उतरायला मनाई आहे. बोट भाड्याने घेतलीत तरी लांबूनच बघा. तिथली प्रसिद्ध हार्पवादकाची मूर्ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तेवढ्यासाठी परतीला एक दुपार ठेवावी.

बोट रद्द झाली तर

आदल्या संध्याकाळीच वाऱ्याचा अंदाज बघा. दुसऱ्या दिवशी ७ ब्यूफोर्ट किंवा जास्त दिसत असेल, तर सकाळी धक्क्यावरच्या तिकीट कार्यालयात सर्वांत आधी जा. मोठ्या साध्या बोटीवर जागा मागा, कॅटामरानवर नको. युरोपीय नियमाप्रमाणे फेरी रद्द झाली की पुढच्या फेरीवर जागा किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक तुमच्या हक्काचं असतं. मुक्कामाचा खर्च मात्र हवामानामुळे बोट थांबली असेल तर कंपनी देत नाही. त्यामुळे लगेच खोलीच्या मालकाला सांगून रात्र वाढवून घ्या, बाकीचे अडकलेले प्रवासीही त्याच खोल्या शोधत असतात.

याची तयारी व्हिसाच्या अर्जापासून करावी लागते. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते उशिरात उशिरा १५ दिवस आधीपर्यंत करता येतो, प्रौढांना शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. अनेक जण मुक्कामाचे दिवस अगदी मोजून मागतात. मग शेवटच्या दिवशी वारा लागला की व्हिसाचे दिवस संपतात. बेतातच दोन दिवस जास्त दाखवा आणि विमाही तितक्याच दिवसांचा काढा. परतीच्या विमानाच्या निदान एक, जुलै-ऑगस्टमध्ये दोन रात्री आधी बेट सोडा. तरीही अडकलात, तर बंदर बंद असल्याची लेखी नोंद तिकीट कार्यालयातून मागून घ्या. विमान कंपनीशी आणि विम्याच्या दाव्यासाठी बोलताना तोच कागद लागतो.