वळवाच्या दिवसांत सायकल काढताय? आधी आडोसे मोजा

मार्च निम्मा सरला की कोल्हापुरात सायकलीचे सगळ्यात भारी दिवस सुरू होतात असं माझं ठाम मत आहे. आणि नेमके याच दिवसांत बरेच जण सायकल जिन्याखाली ढकलतात, ऊन वाढलंय म्हणतात, वर वळवाची भीती. पण बघा की, ऊस तुटून गेल्यामुळं रानं मोकळी झालेली असतात, एरवी दोन्ही बाजूंनी उसाच्या भिंतीतून जावं लागतं तिथं आता पार जोतिबाच्या डोंगरापर्यंत नजर जाते, बांधावर पांगारा नाहीतर पळस पेटलेला असतो, करंजाला नवी पोपटी पालवी, आणि पहाटे नदीकाठानं गेलं की हाफ शर्टात थंडी वाजते. हे पंधरा जूननंतर मिळत नाही आणि डिसेंबरातही नाही.

मी सांगतेय ते निवांत फिरायचं. वीस-पंचवीस किलोमीटर, शेजारच्याशी बोलता येईल अशा वेगानं, वाटेत दोन-तीनदा थांबून. यासाठी महागडी सायकल लागत नाही, घरातली साधी दांड्याची असली तरी चालतंय, फक्त ब्रेक लागले पाहिजेत आणि सीटची उंची नीट पाहिजे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला की उंची बरोबर. बहुतेकांची सीट खाली असते आणि मग गुडघे दुखले की सायकलीला नावं ठेवतात.

आता वेळ. एप्रिलात साधारण सव्वासहाला सूर्य उगवतो, तुम्ही सहाला पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावर पाहिजे. वळीव उगाच दुपारीच येत नाही, त्यामागं कारण आहे. सकाळभर जमीन तापते, बारा-एकपर्यंत पारा ३७-३८ च्या घरात जातो, तापलेली दमट हवा वर चढते, वर गार होऊन ढग उभे राहतात आणि तीन-चारनंतर ते फुटतात. म्हणून साडेनऊ-दहापर्यंत घरी आलात तर दहातल्या नऊ वेळा काही होत नाही. तरी आभाळ बघायची सवय लावा. सकाळी आठलाच घाम निथळायला लागला, पानही हलेना, आणि पूर्वेकडं कोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग उंच चढताना दिसले तर त्या दिवशी लांब जायचं नाही. आणि दुपारी बाहेर असाल आणि एवढा वेळ असलेला गरम वारा एकदम पडला, मग उलट्या बाजूनं गार झोत आला, त्यात मातीचा वास, म्हणजे पाऊस जवळपास पडतोय आणि तुमच्याकडं दहा-पंधरा मिनिटं आहेत, तेवढीच. त्या पहिल्या झोतात धूळ एवढी उडते की समोरचं दिसत नाही, सायकल आडवी ढकलली जाते, तेव्हा उतरून हातात धरलेली बरी.

आणि म्हणूनच मी आडोशाचं म्हणतेय. लोक रस्ता ठरवताना अंतर बघतात, चढ बघतात, नाश्ता कुठं मिळतो ते तर बघतातच. वळवाच्या दिवसांत रस्ता आडोशावरून ठरवायचा. आधी एका कोरड्या सकाळी तो रस्ता फिरून या आणि कुठं थांबता येईल ते मनात नोंदवून ठेवा: हे देऊळ, ही शाळा, ही दूध संस्था, हा एसटीचा निवारा, हे ओळखीचं घर. दोन आडोशांमध्ये तीन किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नको, कारण निवांत चालवत तीन किलोमीटरला पंधरा मिनिटं लागतात आणि वळीव तेवढाच वेळ देतो. मला सगळ्यात आवडतो तो वडणगे, निगवे दुमाला, कुशिरे हा रस्ता, ज्या वाटेनं माघी पौर्णिमेनंतर जोतिबाचे पाच रविवार खेटे घालायला लोक चालत जातात. गावामागून गाव आहे, प्रत्येक गावात देऊळ आहे, शाळा आहे, आणि कुशिऱ्यापर्यंत जाऊन परत आलं की वीस-पंचवीस किलोमीटर भरतात. नवीन माणसानं इथूनच सुरुवात करावी.

यात एक गोष्ट मला उशिरा कळली. पावसाचा आडोसा वेगळा आणि विजेचा आडोसा वेगळा. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी मी आणि माझी भाची संध्याकाळी निघालो होतो, निगव्याच्या पुढं आभाळ भरून आलं, थेंब पडायला लागले म्हणून आम्ही बांधावरच्या मोठ्या आंब्याखाली सायकली टेकवल्या. मला वाटलं छान जागा मिळाली. रस्त्यापलीकडच्या घरातून एक आजी बाहेर आल्या, डोक्यावर पोतं, आणि तिथूनच ओरडल्या, "अगं ए पोरी, झाडाखाली काय थांबलीयास, ईज पडती न्हवं, घरात ये आधी!" सायकली तिथंच टाकून आम्ही पळालो. पुढचा पाऊण तास नुसता कडकडाट चालू होता, टपोऱ्या गारा पडल्या, आणि आजी आम्हाला चहा देऊन परत परत भाचीलाच सांगत होत्या, मावशीला सांग गं, झाड म्हणजे छप्पर न्हवं. मी ते वाक्य विसरलेली नाही.

तर विजेसाठी: एकटं उंच झाड नको, चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड नको, तारेचं कुंपण नको, नदीकाठ नको, मोकळ्या रानात सायकलीवर तर अजिबात नको. भिंती असलेलं पक्कं घर, शाळेची खोली, नाहीतर काचा बंद केलेली चारचाकी, हे चालतंय. वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आहे, त्या क्षणी आत जायचं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडायचं नाही, ऊन आलं तरी. अगदीच रानात सापडलात तर सायकल लांब ठेवून सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं खाली, कानावर हात, पण आडवं पडायचं नाही. हा नाइलाजाचा उपाय आहे, यावर भरवसा ठेवून घरातून निघू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं दामिनी नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडतेय का ते नकाशावर दाखवतं, ते मोबाईलमध्ये घेऊन ठेवा.

दुसरा आवडता रस्ता प्रयाग चिखलीचा. शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीवरून डावीकडं, सहा-सात किलोमीटर, एकदम सपाट. संगमावर जाऊन बसायचं, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा इथून पुढं वाहते असं मानतात, उन्हाळ्यात पाणी संथ असतं आणि पलीकडं खंड्या बसलेला असतो. मुलांना घेऊन जायला यापेक्षा सोपा रस्ता नाही. पण एक लक्षात ठेवा, हा सगळा पुराचा पट्टा आहे, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ही दोन्ही गावं पाण्यात होती. नदीनं आणून टाकलेली काळी माती म्हणूनच इथं एवढी आहे, आणि वीस मिनिटांचा वळीव तिला लोण्यासारखी करतो. डांबरी सोडून पाणंदीत शिरलात तर संपलं. मी एकदा शिरले होते, आदल्या संध्याकाळी पाऊस झालेला आणि वरून वाळलेलं दिसत होतं म्हणून. पन्नास पावलांत चाक फिरायचं बंद झालं. टायर आणि मडगार्डच्या मध्ये माती ठासून बसलेली, ब्रेकच्या रबरामागं बसलेली, चपलेला एकेक किलो. शेवटी बाभळीची काटकी मोडून घेतली, चाक उलटं फिरवत फिरवत मडगार्डच्या आतून माती उकरून काढली, दहा पावलं गेले की परत तेच. अशा वेळी चाक पुढं रेटायचं नाही, सायकल उचलून बांधाच्या गवतावरून न्यायची, आणि माती ओली असतानाच काढायची, वाळली की दगड होते.

डांबरी रस्त्यावर वेगळा धोका. पहिल्या पावसाची पहिली दहा मिनिटं सगळ्यात वाईट. रस्त्यावर महिनाभराची धूळ, ट्रॅक्टरचं सांडलेलं ऑईल, ट्रॉलीच्या चाकातून पडलेली माती, ते सगळं भिजून साबण होतं. जोरात पाऊस पडून गेला की उलट रस्ता धुऊन निघतो आणि पकड बरी मिळते. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर ओले झाल्यावर लगेच लागत नाहीत, आधी दोनदा हलकं दाबून पाणी पुसून घ्यायचं आणि मग खरं दाबायचं, तेही नेहमीपेक्षा लांबूनच. वळणावर ब्रेक नको, वळणाच्या आधी वेग कमी करा. टायरच्या बाजूला हवेचा आकडा लिहिलेला असतो, ओल्या दिवशी त्याच्या वरच्या टोकापर्यंत भरू नका, थोडी कमी ठेवली की पकड सुधारते.

पंक्चरबद्दल सविस्तर सांगते कारण या दिवसांत ते होतंच. रान रिकामं झालं की लोक बांधावरच्या बाभळी छाटतात, कुंपणाला काटे लावतात, आणि वाऱ्यानं ते रस्त्याच्या कडेला येतात. म्हणून अगदी कडेनं चालवू नका, डांबराच्या काठापासून हातभर आत राहा. पंक्चर झालंच तर ट्यूब काढण्याआधी टायर बाहेरून हळूहळू फिरवत बघा, काटा सापडला तर त्या जागेला खुणेसाठी व्हॉल्व्हपासून वीत मोजून ठेवा. ट्यूब बाहेर काढली की थोडी हवा भरून पाटाच्या पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथं भोक. ती जागा पुसून पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन पातळ लावा आणि लगेच पॅच चिकटवू नका, बोट लावलं तर तार सुटणार नाही एवढं सुकू द्या, मग दाबा. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काट्याचं टोक मोडून आतच राहिलेलं असतं, फडक्याला ते अडकतं, बोट फिरवलं तर बोटात जातं. हे केलं नाही तर एक किलोमीटरवर परत पंक्चर. पाऊस चालू असेल तर मात्र पॅचच्या नादाला लागू नका, ओल्या रबरावर सोल्युशन धरत नाही, म्हणून एक जादा ट्यूब बरोबर ठेवून ती घाला, आणि ओल्या ट्यूबचं पंक्चर घरी नेऊन काढा.

बाकी सामान थोडंच. पंप, टायर उचकटायचं लिव्हर, लिटरभर पाणी, लिंबू-मीठ-गुळाची छोटी बाटली, पातळ रेनकोट, पंचा. मोबाईल आणि पैशांसाठी धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी आणि एक रबर, कुठल्याही कव्हरपेक्षा भारी काम करते. घरातून निघताना पोटात काहीतरी असू द्या, मिसळ परत येताना.

उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात हे विसरू नका. पहिली गेली म्हणून मध्येच रस्ता ओलांडायला जाऊ नका, वळणावर मागची ट्रॉली आत सरकते. गळीत हंगाम संपेपर्यंत समोरून ट्रॅक्टर आला की सरळ कडेला उतरून उभं राहायचं, मिनिटभर जातं. मळ्यातली कुत्री मागं लागली तर सायकल पळवू नका, उतरा, ती तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा, हळू चालत जा, त्यांची हद्द संपली की ती थांबतात.

पाय तयार झाले की कुशिऱ्याहून वर जोतिबा. पोहाळ्याची लेणी वाटेत बघून घ्या, दम घ्यायला तेवढंच निमित्त. चढाला हलका गिअर आणि नाकानं श्वास घेता येईल एवढाच वेग, जमेना तर उतरून ढकला, अर्धा डोंगर चालत गेलात तरी वरचा वारा तोच लागतो. उतरताना मात्र घामानं भिजलेल्या अंगावर वारा बसतो आणि अंग गार पडतं, म्हणून वर एखादं वर्तमानपत्र मागून घ्या आणि शर्टाच्या आत छातीवर पसरा. जुन्या सायकलवाल्यांची युक्ती आहे ही. आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या आसपास दोन-तीन दिवस या रस्त्याला सायकल नेऊ नका, सासनकाठ्या घेऊन लोक चाललेले असतात, रस्ता त्यांचा असतो, जायचंच तर चालत जा, गुलालात.

संध्याकाळचं म्हणाल तर वळीव पडून गेल्यावर, तो अर्धा तास थांबून, साडेपाच-सहाला बाहेर पडा. धूळ खाली बसलेली, पन्हाळ्याकडचा डोंगर एकदम जवळ आल्यासारखा दिसतो, खाली पडलेल्या कैऱ्या पोरं गोळा करत असतात, आणि रस्त्यातून वाफ निघत असते. वडणग्यापर्यंत जाऊन या, तेवढं पुरे. परत येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबा, समोर म्हैस पिळून फेसाळ दूध ग्लासात देतात.

घरी आलं की सायकल तशीच भिंतीला लावू नका. आधी पुसा, मग चेन कोरड्या फडक्यात धरून पॅडल उलटं फिरवा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग प्रत्येक कडीवर ऑईलचा एकेक थेंब, पॅडल वीस-तीस वेळा फिरवा आणि वरचं ऑईल परत पुसून टाका, नाहीतर उद्याची धूळ त्यालाच चिकटते. बूट ओले असतील तर आत कागद कोंबून सावलीत ठेवा, सकाळी सहापर्यंत वाळतात.