खाऊच्या खोक्यावरची जुनी बेसबॉल कार्डं कशी जमवायची

अमेरिकेत बेसबॉल कार्ड (खेळाडूचं चित्र छापलेलं छोटं कार्ड) म्हटलं की लोकांना च्युइंगगमचं पाकीट आठवतं, पण सीरियलचे (दुधात घालून खायच्या नाश्त्याचे) खोके, हॉट डॉग, वेफर्स यांच्यासोबत आलेल्या कार्डांचा नाद वेगळाच आणि तिथला हिशोबही उलटा. खेळाडू किती मोठा हे नंतर, आधी तो माल किती कमी खपला ते बघायचं.

सुरुवात 'पोस्ट' या कंपनीच्या सीरियलपासून करा. १९६१ ते १९६३ दरवर्षी खोक्यांवर २०० खेळाडू छापले आणि पोरांनी ते कात्रीने कापले. पोरांना आवडणाऱ्या सीरियलचे खोके घरोघरी यायचे, त्यामुळे मिकी मँटलसारख्या बड्या खेळाडूचं कार्डसुद्धा पैसे मोजले की मिळतं, पण कुणी फारसं न खाल्लेल्या सीरियलवरचा एखादा साधा खेळाडू शोधताना घाम फुटतो. बजेट कमी असेल तर १९७५-७९ ची होस्टेस या केकच्या ब्रँडची कार्डं घ्या, केकच्या खोक्याच्या तळाला तीन-तीन कार्डांची पट्टी असायची. अख्खी पट्टी मिळाली तर कृपा करून कापू नका!

आता मुख्य काम, कापणी तपासायची. चारही बाजूंची छापील रेघ दिसली पाहिजे, पोराने रेघेच्या आतून कात्री चालवली असेल तर ग्रेडिंग कंपन्या (कार्ड तपासून त्याच्या स्थितीला नंबर देणाऱ्या) नंबर न देता फक्त 'अस्सल' एवढाच शिक्का देतात आणि किंमत पडते. पोस्टच्या कार्डाची मागची बाजू कोरी असते, खोक्याच्या आतला नुसता पुठ्ठा, तिथे काही छापलेलं दिसलं तर सावध व्हा. १९६१ ची काही कार्डं मात्र पत्र पाठवून मागवायच्या १० कार्डांच्या शीटमधली आहेत, त्यांच्या कडा भोकांवरून फाडलेल्या दिसतात, ती नकली समजू नका.

१९६३ मध्ये जेल-ओच्या (जेलीच्या पावडरीचा ब्रँड) खोक्यावरही जवळपास तशीच कार्डं आली, रुंदी जेमतेम १/८ इंच कमी. जेल-ओचं कार्ड जास्त दुर्मिळ, म्हणून कडा छाटलेलं पोस्ट जेल-ओ म्हणून गळ्यात मारतात. माप कडेपासून कडेपर्यंत नाही, छापील रेघेपासून रेघेपर्यंत घ्या, फोटोवरून घेत असाल तर विकणाऱ्याला मोजपट्टी ठेवून फोटो काढायला सांगा, टाळाटाळ करतोय म्हटल्यावर सोडून द्या.

डागांचं गणित वेगळं. १९५४ ची विल्सन फ्रँक्स या ब्रँडची कार्डं (२०च आहेत, नामवंत टेड विल्यम्स धरून) सॉसेजच्या पाकिटात असायची, डॅन-डी या ब्रँडची वेफर्समध्ये, म्हणजे तेलकट डाग आलेच. ते पुसायच्या भानगडीत पडू नका. क्रॅकर जॅकचं (कॅरॅमल लावलेल्या पॉपकॉर्नचा खाऊ) तर डागावरूनच कळतं: १९१४ ची १४४ कार्डं फक्त खाऊच्या खोक्यातच यायची, कॅरॅमल लागलेलं असायचं, त्यामुळे कोरं करकरीत १९१४ दिसलं की आधी शंका घ्या. १९१५ ला मात्र १०० कुपनं, नाहीतर १ कुपन आणि २५ सेंट पाठवले की पूर्ण १७६ चा सेट घरी यायचा, म्हणून ती स्वच्छ मिळू शकतात. दोन्हीतला फरक बघायचा तर कार्ड उलटा, १९१५ चा मागचा मजकूर पुढच्या चित्राच्या मानाने उलटा छापलेला असतो. या दोन्ही वर्षांच्या नकला बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे महागडं क्रॅकर जॅक ग्रेडिंग झालेलंच घ्यावं.

ठेवताना मऊ स्लीव्ह आणि वर कडक टॉपलोडर (प्लास्टिकचं टणक पाकीट). केलॉग्जची १९७० पासूनची थ्री-डी कार्डं वाकतात, ती दाबून सरळ करू नका, वरचं प्लास्टिक तडकतं.