वस्तू कुठे पडून राहते, ते आधी शोधा

लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्तीच्या छोट्या सर्व्हिस सेंटरचं रोजचं काम मी बरीच वर्षं बघते आहे. काउंटर, टेक्निशियनची टेबलं, पार्टची मागणी, डिलिव्हरी, सगळंच. नव्याने येणारी मुलं-मुली लवकरच विचारतात, की कामाचा वेग वाढवायचा कसा? माझं उत्तर ठरलेलं आहे. हाताचा वेग आहे तसा राहू द्या. वस्तू कुठे पडून आहे ते आधी शोधा.

एखाद्या लॅपटॉपचं जॉब कार्ड घ्या आणि प्रत्येक टप्प्याची तारीख-वेळ त्यावर टाका. आला कधी, तपासला कधी, एस्टिमेट कधी कळवलं, होकार कधी आला, पार्ट कधी आला, काम कधी झालं, गिऱ्हाईक कधी घेऊन गेलं. कीबोर्ड बदलायला तास-दीड तास लागतो आणि लॅपटॉप मात्र आपल्याकडे पाच-सहा दिवस मुक्कामाला असतो. त्या तासातली दहा मिनिटं वाचवून हाती काहीच लागत नाही. होकाराची वाट बघण्यात गेलेले दोन दिवस वाचले, तर गिऱ्हाइकाला आणि आपल्यालाही फरक जाणवतो. पंधरा-वीस कार्डं अशी तपासली की आपल्या सेंटरचं दुखणं कुठे आहे ते दिसायला लागतं.

बहुतेक वेळा ते काउंटरवर निघतं. टेक्निशियनच्या टेबलावर सगळ्यांचं लक्ष असतं, पण खोळंब्याची सुरुवात वस्तू घेताना होते. कार्डावर नुसतं ‘बंद पडतो’ एवढंच लिहिलेलं असेल, तर टेक्निशियन मशीन उघडतो, सगळं नीट चालताना बघतो, मग काउंटरला विचारतो, काउंटर गिऱ्हाइकाला फोन लावतं, फोन उचलला जात नाही. अर्धा दिवस गेला. हेच ‘चालू केल्यावर दहा मिनिटांनी बंद पडतो, चार्जर लावला असेल तरच’ असं लिहिलं असतं, तर तपासणी कुठून सुरू करायची ते टेक्निशियनला तिथेच कळलं असतं. म्हणून तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहा, आणि कधी होतं, किती वेळाने होतं, आधी कुणी उघडलंय का, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. चार्जर सोबत दिलाय का, अंगावर ओरखडे आहेत का, पासवर्ड लागणार आहे का, आतल्या माहितीची प्रत गिऱ्हाइकाकडे आहे का, हे सगळं घेतानाच लिहायचं. ओरखड्यांचा फोटो काढलेला बरा, नंतरचा वाद टळतो.

कार्डावरची माझी सगळ्यात आवडती ओळ मात्र वेगळी आहे: ‘या रकमेपर्यंत न विचारता काम करावे.’ पुढे गिऱ्हाइकाने सांगितलेला आकडा आणि त्याची सही. या एका ओळीने लहानसहान कामं होकाराच्या रांगेत अडकतच नाहीत. काही जण आकडा द्यायला तयार नसतात, तेव्हा फोन कुठल्या वेळेत उचलला जाईल तेवढं तरी लिहून घ्यावं.

आता मांडणीचं. आलेली मशीन तारखेप्रमाणे रचायची सवय सगळीकडे दिसते. मी ती कशासाठी थांबली आहेत त्याप्रमाणे लावायला सांगते: तपासणी बाकी, होकार बाकी, पार्ट बाकी, काम चालू, तयार. प्रत्येकाला वेगळा कप्पा. सकाळी त्या रॅकसमोर सगळ्यांनी दहा मिनिटं उभं राहायचं. कुठला कप्पा फुगलाय ते न सांगता दिसतं आणि त्या दिवशी कुणी काय करायचं ते तिथेच ठरतं.

या रॅकवरून एक हिशेबही करता येतो. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने 1961 साली एक साधा संबंध गणिताने सिद्ध केला: आत असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं येण्याचा दर गुणिले प्रत्येक काम आत राहण्याचा सरासरी काळ. समजा रॅकवर साधारण 40 मशीन असतात आणि रोज 8 येतात, 8 जातात. म्हणजे एक मशीन सरासरी 5 दिवस आत राहणार. अशा वेळी काउंटरवरून सरसकट ‘परवा मिळेल’ असं सांगणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. परवाचा वायदा पाळायचा असेल तर रॅकवरची संख्या 16 पर्यंत खाली आणावी लागेल.

ती कशी आणायची? एका टेक्निशियनच्या टेबलावर एका वेळी दोनच मशीन उघडी. तिसरं उघडायचं तर एक बंद करून, पुढच्या कप्प्यात ठेवून. पहिल्यांदा हे सगळ्यांना जाचक वाटतं, पण चार लॅपटॉप उघडे पडले की त्यांचे स्क्रू एकमेकांत मिसळतात. लॅपटॉपचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर खालचा बोर्ड जायबंदी होऊ शकतो. कागदावर मशीनचा ढोबळ आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

टेक्निशियनचा दिवस कामांनी गच्च भरू नका, हेही तितकंच महत्त्वाचं आहे, आणि मालकांना पटायला सगळ्यात जड जातं. डेन्मार्कचे ए. के. एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना रांगांच्या गणिताकडे वळले. त्यांचा पहिला लेख 1909 सालचा. त्या वाटेने पुढे तयार झालेलं सगळ्यात साधं सूत्र असं सांगतं: कामं अनियमितपणे येत असतील, प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त असेल आणि करणारा एकच असेल, तर तो 80 टक्के वेळ गुंतलेला असताना रांगेतली सरासरी वाट एका कामाच्या वेळेच्या 4 पट असते. 90 टक्क्यांना ती 9 पट होते, 95 टक्क्यांना 19 पट. आपलं सेंटर काही सूत्राबरहुकूम चालत नाही, पण कल हाच असतो. दिवसाअखेरचा एखादा तास मोकळा ठेवलात तर अडलेली कामं त्यात निघतात.

पार्टसाठी दोन डब्यांची पद्धत पुरते. नेहमी लागणारा पार्ट दोन डब्यांत ठेवायचा, पहिला संपला की लगेच मागणी, तोवर दुसरा वापरायचा. दुसऱ्या डब्यात पार्ट यायला लागणाऱ्या दिवसांत खपेल त्याहून थोडा जास्त माल हवा. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीच्या मुळाशी ‘संपलं की मागवा’ हीच कल्पना आहे. क्वचित लागणारे पार्ट भरून ठेवू नयेत, पैसा अडकतो.

‘झालं का?’ म्हणून येणारे फोन कमी करायचे तर मशीन एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलं की त्याच वेळी गिऱ्हाइकाला मेसेज पाठवा. पार्ट अजून आला नसेल तर तेही कळवा. अडचण आधी कळली तर माणसं समजून घेतात. मेसेज ज्याने मशीन हलवलं त्यानेच पाठवायचा, नाहीतर तो दोघांच्या मध्ये राहून जातो.

सॉफ्टवेअरची घाई करू नका. कार्ड, रॅक आणि एक साधी एक्सेल शीट यावर महिना-दोन महिने काढा. कुठली माहिती खरंच लागते ते तोवर कळतं आणि विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारता येतात.

आणि बदल एका वेळी एकच करा. आधी कार्ड, पंधरा दिवसांनी रॅक, मग दोन मशीनची मर्यादा. प्रत्येक वेळी आधीच्या आणि नंतरच्या कार्डांवरच्या तारखा शेजारी ठेवून बघा आणि ते आकडे टेक्निशियनलाही दाखवा. कार्डावरचा कुठला रकाना निरुपयोगी आहे आणि कुठला हवा होता, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. कार्डाची पुढची छपाई त्याला विचारूनच करा.