जिल्हा परिषद शाळांतील संगणक-साहित्याची नोंदव्यवस्था : साताऱ्यासाठी एक आराखडा

सातारा जिल्ह्याच्या ११ तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांत संगणक, प्रोजेक्टर, टॅबलेट आणि स्मार्ट टीव्ही नाना वाटांनी येतात. काही शासकीय योजनेतून, काही ग्रामपंचायतीच्या निधीतून, तर काही लोकवर्गणीतून. खरेदीची वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) सहसा सापडते, पण देणगीत आलेल्या वस्तूची पावती नसल्यास ती बाहेरच राहते. म्हणून कामाची सुरुवात नोंदवहीपासून न करता वर्गखोल्या आणि कपाटे उघडून, समोर दिसेल ते लिहून करावी आणि नोंदवहीशी मेळ नंतर घालावा. उलट क्रमाने गेल्यास ‘असेल कुठेतरी’ म्हणत न पाहिलेल्या वस्तूपुढेही बरोबरची खूण पडते.

प्रत्येक वस्तूला जिल्हाभर एकच, कायमचा आणि स्वतःत कोणतीही माहिती न दडलेला क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ, सा-०००४१७. त्यात शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शासनाने प्रत्येक शाळेला दिलेला ओळख क्रमांक) गुंफण्याचा मोह होतो, कारण तो आयता असतो. परंतु लॅपटॉप एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेला की असा क्रमांक खोटे बोलू लागतो. यू-डायस क्रमांक वेगळ्या रकान्यात असावा.

स्प्रेडशीटमध्ये दोन तक्ते पुरतात. पहिल्यात वस्तूचा प्रकार, मेक, मॉडेल, उत्पादकाचा सिरियल नंबर, निधीचा स्रोत, मिळाल्याची तारीख आणि हमीची मुदत असावी. दुसऱ्यात वस्तूची हालचाल, म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या शाळेतून कुठे, कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या स्थितीत गेली, हे नोंदवावे. जुनी ओळ कधीही खोडू नये, नवी जोडावी. स्थितीसाठी ‘चालू’, ‘नादुरुस्त’, ‘दुरुस्तीस पाठविले’, ‘गहाळ’ आणि ‘निर्लेखित’ (निकामी ठरवून नोंदीतून कमी केलेले) एवढेच पर्याय यादीतून निवडू द्यावेत, नाहीतर ‘बंद आहे’, ‘चालत नाही’ आणि ‘बिघडला’ या तीन नोंदी तीन वेगळ्या गोष्टी ठरतात. सिरियल नंबर व टॅबलेटचा १५ अंकी आयएमईआय (सिमकार्ड चालणाऱ्या उपकरणाचा ओळख क्रमांक) यांचे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ प्रकारचे करावेत. अन्यथा केवळ अंकांच्या क्रमांकातील सुरुवातीची शून्ये गळतात. माऊस आणि केबलींना क्रमांक देत बसू नये.

लेबल कागदी नसावे. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसाळी दमटपणात ते लवकर सुटते, म्हणून पॉलिएस्टरचे, क्यूआर कोड छापलेले लेबल घ्यावे आणि प्रोजेक्टरवर ते गरम हवा बाहेर पडणाऱ्या जाळीपासून दूर लावावे. माण-खटावकडे धुळीचा त्रास अधिक, तेव्हा प्रोजेक्टरची जाळी साफ केल्याची तारीखही शेऱ्यात लिहिलेली बरी.

प्रत्यक्ष पडताळणी उन्हाळी सुटीपूर्वी आणि जूनमध्ये शाळा उघडताच अशी दोनदा व्हावी, म्हणजे सुटीत काय नाहीसे झाले ते कळते. शक्यतो एका केंद्राचे (जवळच्या शाळांच्या गटाचे) केंद्रप्रमुख दुसऱ्या केंद्राच्या शाळा तपासतील अशी अदलाबदल करावी. निर्लेखन मंजूर झालेल्या संगणकातील विद्यार्थ्यांची माहिती आधी पुसावी. तो भंगारवाल्याला न देता ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवावा आणि पावतीचा क्रमांक हालचालीच्या तक्त्यात चढवावा.

मुख्याध्यापकांची बदली झाली की चार्ज देताना याच तक्त्याची छापील प्रत काढावी आणि देणाऱ्याने व घेणाऱ्याने खोलीखोलीत फिरून, वस्तू पाहूनच त्या प्रतीवर सह्या कराव्यात.