टर्कीवर चाप ओढण्याआधी: छर्रे, अंतर आणि नेहमीच्या चुका

काडतुसांच्या खोक्यावर 'लांब पल्ला' असं छापलेलं असतं आणि पहिली चूक तिथेच होते. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे. पण अमेरिकेत परवाना काढून वसंतात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या मागे रानात जाणारे आपले काही लोक आहेत. त्यांचा ठरलेला प्रश्न म्हणजे, "किती लांबून मारता येईल?" खोक्याला ते ठाऊक नसतं. तुमची बंदूक, तिचा चोक (नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा झोत आवळणारा भाग) आणि तेच काडतूस मिळून कागदावर काय उमटवतात, त्यावर ते ठरतं.

टर्कीच्या अंगावर नेम धरायचा नसतो. पिसं आणि छातीचं जाड मांस छर्रे अडवतात. घायाळ पक्षी पळतो, उडतो आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरतो. नेम डोक्यावर आणि मानेवर, कारण मेंदूत किंवा मणक्यात छर्रा गेला तरच तो जागच्या जागी पडतो. मान मनगटाएवढीही नसते, म्हणून छर्रे दाट पडायला हवेत.

त्यासाठी मोठा कागद ४० यार्डांवर लावा, मधल्या ठिपक्यावर एक बार काढा, जिथे भोकं सर्वांत दाट आहेत तिथे १० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि मोजा. शंभर भोकं हा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा. मी पहिल्यांदा पेन्सिलने एकेका भोकावर खूण करत गेलो, तर सत्तरच्या आत आटोपलं. वर्तुळात डावीकडे एक मोकळी जागा होती, पक्ष्याची अख्खी मान मावेल एवढी. तो कागद पाहिल्यापासून त्या काडतुसाने मी ३० यार्डांपलीकडे बार काढला नाही. हा कागदाचा तास वाचवणाऱ्याने रानात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळी भोकं ठिपक्याच्या वर गेली असतील, तर काडतुसाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा गाल दस्त्यावरून, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या भागावरून, उचललेला असतो. माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) दिसते, पण नळी वर पाहत असते. रानात मान उंचावून पक्षी बघण्याच्या नादात हे हमखास होतं.

टंगस्टनचे छर्रे शिशापेक्षा खूपच जड, घनता साधारण १८ विरुद्ध ११. म्हणून ९ नंबरचा बारीक छर्राही लांबवर खोल शिरतो आणि एका काडतुसात छर्रेही जास्त मावतात. पण ते महाग, म्हणून लोक स्वस्त शिशाच्या काडतुसावर कागद तपासतात आणि टंगस्टन भरून शिकारीला जातात. ज्याने मारणार, त्यानेच तपासा. चोक त्या छर्ऱ्यांना चालतो का, हेही चोक बनवणाऱ्याच्या सूचनेत बघा. छर्ऱ्याच्या आकाराचे नियम राज्यागणिक वेगळे असतात. ते दरवर्षी वाचा.

अंतराचा अंदाज मोकळ्या शेतात फार फसतो. आपल्याला एक माप मात्र जन्मापासून पाठ आहे: क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं. टर्की दोन पिचांपेक्षा थोडी अलीकडे, म्हणजे ४० यार्डांच्या आत हवी, तेही कागदाने तशी परवानगी दिली असेल तर. बसल्या जागेवरून रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) एक झाड, एक दगड आधीच मोजून ठेवा. पक्षी समोर आल्यावर हात हलवायला वेळ मिळत नाही.

फार जवळूनही चुकतं. १० यार्डांवर छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात; जरा हललात की पूर्ण हुकतं.

नर पिसारा फुलवून असतो तेव्हा मान अंगात ओढलेली असते. हलकी हाक द्या, तो मान ताठ करून बघेल, तेव्हा मारा. मागे दुसरी टर्की नको, माणूस तर नकोच. टर्कीच्या आवाजाच्या दिशेने सरपटत जाऊ नका, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेला असू शकतो. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको: नर टर्कीचं डोकं त्याच रंगांचं असतं.